घोडी अडेल नव्हती

"मुट्टब्याड, दोड्डव्वा!"

भाचा एकदम ओरडला आणि मी घोडीच्या मानेवरचा हात झटकन मागे घेतला. चावते की काय, या भीतीने छातीत धस्स झाले. पण तो हसत होता. त्याने हातातला कॅमेरा माझ्यापुढे धरला. पडद्यावर घोडीची हिरवट-निळी मान दिसत होती आणि तिच्यावर पाचही बोटांसकट माझा पंजा उमटला होता, पिवळाधमक. हात काढून घेतला होता, ऊब तेवढी मागे राहिली होती. बघता बघता बोटे पुसट झाली, मग तळवाही विरला.

"मानेला लावलास म्हणून बरं," तो मराठीवर येत म्हणाला. "पाठीला लावला असतास तर मला वाटलं असतं, इथंच दुखतंय."

सिकंदराबादच्या बोलारम भागातला तो एक लहानसा तबेला. फेब्रुवारीतली पहाट, सहाचा सुमार. भाच्याच्या मुलीच्या बारशासाठी मी निपाणीहून गेले होते. बारसे होऊन दोन दिवस झाले तरी धाकटी बहीण मला सोडायला तयार नव्हती. भाचा पशुवैद्य. "इथे बसून जावळाच्या गप्पा मारण्यापेक्षा चल माझ्याबरोबर, तुला एक गंमत दाखवतो," म्हणाला आणि मी शाल गुंडाळून त्याच्या गाडीत बसले.

आमच्या घरची भाषा कुणी विचारली तर मला पटकन उत्तर देता येत नाही. बहिणीचे यजमान हुबळीकडचे, रेल्वेतले. २००३ साली नैऋत्य रेल्वे निघेपर्यंत हुबळी विभाग दक्षिण मध्य रेल्वेत होता आणि तिचे मुख्यालय सिकंदराबादला. त्यामुळे हुबळीच्या रेल्वेवाल्याची बदली सिकंदराबादला होणे ही नवलाची गोष्ट नव्हती. भाचा आईशी मराठी बोलतो, वडिलांशी कानडी, रस्त्यावर तेलुगू आणि तबेल्यात दख्खनी. मला मात्र तो जन्मापासून दोड्डव्वाच म्हणतो. घाई झाली की त्याची कानडी बाहेर पडते, तशी त्या पहाटे पडली.

घोड्यांचे गाव

सिकंदराबादला जाताना आपल्या डोळ्यांपुढे स्टेशन येते, बिर्याणी येते, मोंडा मार्केट येते. घोडा येत नाही. पण हे गावच छावणीचे. १८०६ मध्ये निजाम सिकंदर जाह यांच्या नावावरून त्याला नाव मिळाले. बोलारम ही हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी, आणि त्या फौजेच्या घोडदळातूनच पुढे 'डेक्कन हॉर्स' ही नामांकित पलटण आली. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या भूमीवर, १४ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईत, तिचे स्वार भाले रोखून शत्रूवर चालून गेले होते. हैदराबादच्या घोड्यांच्या शर्यतीही आधी या बाजूला मौला अलीला सुरू झाल्या आणि पुढे सहावे निजाम महबूब अली खान यांच्या काळात मलकपेटला गेल्या.

अशा गावात शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे बरेच असतात. वय फार नसते, पण वेग कमी झालेला असतो. मग त्यांतले काही घोडेस्वारी शिकवणाऱ्या तबेल्यांत येतात. बिजली ही त्यांतलीच एक. तपकिरी रंग, कपाळावर पांढरा टिळा, वय ९ वर्षे. पहिले वर्षभर ती इतकी गुणी होती म्हणे, की नव्या मुलाला पहिल्या दिवशी तिच्यावरच बसवीत. मग तिचे काहीतरी बिनसले. तंग आवळायला गेले की चावायला धावू लागली. डावीकडे वळवले की थांबू लागली. एका मुलाला तिने पाडले. सुदैवाने त्याला फारसे लागले नाही, पण त्याचे आईवडील पुन्हा आले नाहीत.

प्रत्येकाकडे याचे उत्तर तयार होते. शिकवणारे म्हणत, शर्यतीची घोडी, तिचे डोके गरमच. मालक म्हणत, खाणे जास्त झाले, माज चढला. तिचा सईस म्हातारा, प्रेमळ माणूस. तोही मान हलवून म्हणाला, "इसका मिजाजच ऐसा है, अम्मा." (त्या दख्खनीतला 'च' ऐकला की मला माहेरी आल्यासारखे वाटते. तो आपल्या मराठीतून तिकडे गेला, असे जाणकार सांगतात.)

मालकांनी महिनाअखेरची मुदत ठरवली होती. लग्नाच्या वरातीसाठी घोडे पुरवणाऱ्या एकाने तिला मागितले होते. ज्या घोडीला पाठीवर माणूस सोसत नाही, तिच्यावर आता शेरवानीतला नवरदेव बसणार, पुढे बॅंड आणि मागे फटाके. भाच्याने मालकांकडून आठ दिवस मागून घेतले होते.

कॅमेऱ्याआधीची तयारी

मला वाटले होते, कॅमेरा रोखायचा, बटण दाबायचे, झाले. प्रत्यक्षात कॅमेऱ्याच्या कामापेक्षा त्याआधीचेच काम जास्त.

आदल्या संध्याकाळी बिजलीला खरारा करून तिच्या अंगावरची माती आणि लिदीचे डाग काढले होते. पायाच्या पट्ट्या सोडल्या होत्या. कुठलाही मलम, तेल, लेप नाही. पहाटे पाणी मारलेले नाही. घोडी फिरवलेली नाही. तिला सावलीत, वारा येणार नाही अशा कोपऱ्यात, सपाट फरशीवर चारही पाय सरळ ठेवून वीस मिनिटे नुसते उभे केले होते. अंगाचे आणि हवेचे तापमान एकमेकांशी जुळून यावे म्हणून.

"पण पहाटेच कशाला?" मी विचारले.

"इथला मे महिना तुला ठाऊक आहे ना, दोड्डव्वा? हवाच चाळीसच्या वर. घोड्याची कातडी आणि हवा सारखीच तापली, की चित्रात सगळंच लाल. दुखरं काय आणि चांगलं काय, कळणार कसं? आणि ऊन तर नकोच. कोवळ्या उन्हाचा एक पट्टा पाच मिनिटं पाठीवर पडला, तरी चित्रात ती जागा सुजल्यासारखी दिसते."

मग त्याने चित्रे घ्यायला सुरुवात केली. ठरावीक अंतरावरून, काटकोनात, आधी डावी बाजू, मग उजवी. पुढचे पाय, मागचे पाय, खूर. प्रत्येक चित्राला जोडीदार हवाच. एकट्या चित्राला अर्थ नाही, तो म्हणाला. डाव्याचा अर्थ उजवा सांगतो.

आणि इथे मला माझे आबा आठवले. त्यांच्याकडे मी शेवटी येते.

न दिसणारा उजेड

आधी थोडे या कॅमेऱ्याविषयी. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, दुकानाच्या दारात कपाळावर पिस्तूल रोखावे तसे तापमान मोजणारे यंत्र आपण सगळ्यांनी पाहिले. हा त्याचाच मोठा भाऊ. ते यंत्र एका ठिकाणाचा आकडा सांगते. हा कॅमेरा एका दमात हजारो ठिकाणचे आकडे घेतो आणि त्यांचे चित्र करतो.

प्रत्येक ऊबदार वस्तू एक प्रकारचा उजेड बाहेर टाकत असते. तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही. १८०० साली विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि एकेका रंगात थर्मामीटर ठेवून पाहिला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हते, तिथे ठेवलेल्या थर्मामीटरचा पारा सगळ्यांत जास्त चढला. हाच तो अवरक्त प्रकाश. कॅमेरा तो टिपतो आणि गारव्याला निळा, उबेला पिवळा, जास्त उबेला लाल किंवा पांढरा रंग देतो. हे रंग घोड्याचे नसतात, यंत्राने वाटलेले असतात.

आता दुखण्याशी याचा संबंध काय? तो आपल्या आजीलाही माहीत होता. गळवाला हात लावून 'तापलंय गं' असे ती म्हणायची. दोन हजार वर्षांपूर्वी सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने दाहाच्या चार खुणा लिहून ठेवल्या: लाली, सूज, उष्णता आणि वेदना. घोड्याच्या अंगावर केस असल्याने लाली दिसत नाही. सूज उशिरा दिसते. वेदना तो शक्य तितकी लपवतो, कारण रानात लंगडणाऱ्यालाच वाघ आधी गाठतो. उरली उष्णता. जिथे इजा होते, तिथे रक्त जास्त धावते आणि कातडी तापते. घोड्याच्या गुडघ्याखाली मांस जवळपास नसतेच. कातडी, तिच्याखाली नसा आणि हाड. म्हणून पायाच्या आतले दुखणे तिथे कातडीवर लवकर कळते.

माणसाच्या हाताला साधारण दोन अंशांच्या आतला फरक नीट ओळखता येत नाही. कॅमेरा अंशाच्या दहाव्या भागापर्यंत जातो. निरोगी घोड्याची डावी आणि उजवी बाजू चित्रात जवळपास सारखी दिसते. एका अंशाहून जास्त फरक आला की पशुवैद्य तिथे थांबतो. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या ऑबर्न विद्यापीठात राम पुरोहित आणि त्यांचे सहकारी मॅककॉय यांनी १९८० मध्ये घोड्यांमधला दाह थर्मोग्राफीने कसा ओळखावा यावर निबंध प्रसिद्ध केला. या विषयातल्या सुरुवातीच्या महत्त्वाच्या कामांत तो मोजतात. भाच्याने तो दाखवला तेव्हा 'पुरोहित' हे नाव वाचून मला उगाच आपले कुणीतरी भेटल्यासारखे वाटले.

पुढच्या काळात शर्यतीच्या घोड्यांवर झालेल्या कामातून आणखी एक गोष्ट दिसली. पायाची नस दुखावली, तर घोडा लंगडायला लागण्याच्या सुमारे दोन आठवडे आधीच ती जागा चित्रात तापलेली दिसू शकते.

दोन आठवडे. हे वाक्य ऐकून मी गप्प झाले.

पाठीवरचा लाल डाग

बिजलीचे पाय चारही चांगले निघाले. खूर चांगले. मग भाचा एका स्टुलावर चढला आणि त्याने पाठीचे चित्र घेतले.

घोड्याच्या कण्यावरून उबेची एक सरळ रेघ जाते. ती तशी असायचीच, तो म्हणाला. पण बिजलीच्या डाव्या बाजूला, खांद्यामागे, जिथे खोगिराचा पुढचा भाग टेकतो तिथे, तळहाताएवढा लाल डाग होता. उजवीकडे त्याच जागी हिरवा रंग. फरक दोन अंशांहून थोडा जास्त.

मी घोडीकडे पाहिले. तिथे काहीही नव्हते. जखम नाही, सूज नाही, केससुद्धा जागचे हललेले नाहीत.

"आता खोगीर," तो म्हणाला.

एका हलक्या अंगाच्या मुलीने बिजलीवर बसून तिला वीस मिनिटे हळूहळू फिरवले. खोगीर उतरवल्याबरोबर भाच्याने ते उलटे ठेवून त्याचेही चित्र घेतले. चांगले बसलेले खोगीर दोन्ही गाद्यांवर सारखे तापते. हे डावीकडे पुढे एका गोळ्यासारखे तापले होते आणि बाकीची गादी थंडच. सईसाने बोटांनी चाचपून पाहिले. आतली लोकर त्या बाजूला दबून घट्ट झाली होती, लिंबाएवढी गाठ.

मग कॅमेरा बाजूला ठेवून भाच्याने बोटे वापरली. लाल डागाच्या जागी हळूच दाबले मात्र, बिजलीची कातडी थरथरली, पाठ खाली गेली, कान मागे पडले. उजवीकडे तेवढेच दाबले, तर ती शांत.

"पर ये तो रोज का खोगीर है, डॉक्टरसाब," सईस म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता.

कारणही त्याच सकाळी सापडले. घोड्यावर नेहमी डावीकडून चढतात. ही रीत जुनी, तलवार डाव्या कमरेला असायची तेव्हापासूनची, असे म्हणतात. या तबेल्यात मुले जमिनीवरूनच रिकिबीत पाय घालून, खोगिराला लोंबकळून वर चढत. दिवसाला दहा-बारा मुले, आणि प्रत्येक वेळी खोगीर डावीकडे ओढले जाई. गादी त्या बाजूला दबत गेली आणि दबलेली गादी त्याच जागी टोचत राहिली. तंग आवळला की ती टोचणी आत शिरायची. डावीकडे वळले की सगळा भार तिथेच यायचा.

म्हणजे बिजली रोज सांगत होती. चावून सांगत होती, थांबून सांगत होती. आम्ही त्याला माज म्हणत होतो.

कॅमेऱ्याला काय कळत नाही

भाच्याच्या पोटात एक सावधपणा आहे, तो मला फार आवडला. मालक येऊन चित्र पाहताच खूश झाले आणि म्हणाले, "म्हणजे आता बाकीच्या तपासण्या नकोत." तो म्हणाला, "आत्ताच तर हव्यात."

कॅमेरा 'कुठे' ते सांगतो, 'काय' ते सांगत नाही. कातडी तापली आहे एवढेच त्याला कळते. आत स्नायू दुखावला आहे, हाडाला काही झाले आहे की नुसता कातडीवर ओरखडा आहे, हे ठरवायला एक्स-रे, सोनोग्राफी आणि पशुवैद्याचा हात लागतोच. उलट कधी दुखरी जागा गरम न दिसता थंड दिसते, कारण तिथे रक्तच कमी पोचते. लांब केसांच्या घोड्यात ऊब केसांतच अडकते. आणि चित्र साफ आले म्हणजे घोडा निरोगी, असेही नाही. खोल आतले दुखणे कातडीपर्यंत येतच नाही.

त्याने स्वतःची एक फजिती सांगितली. सुरुवातीच्या दिवसांत एका घोड्याचा मागचा पाय गुडघ्याखाली लालभडक दिसला. याने घाईघाईने मालकाला फोन केला, घोडा आठवडाभर बसवून ठेवायला सांगितला. मग कळले, रात्री सईसाने त्याच पायाला पट्टी बांधली होती आणि चित्र घेण्याच्या पाच मिनिटे आधी सोडली होती. पट्टीतली ऊब तेवढी दिसत होती. "त्या दिवसापासून कॅमेऱ्याआधी सईसाला विचारतो," तो म्हणाला.

बिजलीच्या कण्याचा एक्स-रे काढला. हाडाला काही नव्हते.

मिरचीची गोष्ट

घरी येताना त्याने एक गोष्ट सांगितली. आपण संकेश्वरी आणि ब्याडगी मिरचीच्या मुलखातली माणसे, म्हणून ती इथे देते. २००८ च्या ऑलिंपिकमधल्या घोडेस्वारीच्या स्पर्धा हॉंगकॉंगला झाल्या. तिथे अडथळ्यांवरून उड्या मारणाऱ्या काही घोड्यांच्या तपासणीत कॅप्सेसिन सापडले. कॅप्सेसिन म्हणजे मिरचीला तिखट करणारे द्रव्य. ते दुखण्यावरच्या मलमांतही असते. पण कातडीला चोळले की ती जागा झोंबरी होते, आणि झोंबणाऱ्या पायाला आडव्या काठीचा नुसता स्पर्श झाला तरी घोडा पुढच्या वेळी पाय जास्त वर घेतो. म्हणून स्पर्धेत त्याला बंदी आहे. असा पाय ओळखायला आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाने थर्मल कॅमेऱ्याचीही मदत घेतली आहे. घोड्याला स्वतःहून झालेले दुखणेच तेवढे त्याला दिसते असे नाही, माणसाने लावलेलेही दिसते.

आबांचा हात

आता आबांविषयी. माझे आजोबा निपाणीत टांगा चालवायचे. घोड्याचे नाव सोन्या. तंबाखूचे व्यापारी, बाजाराला आलेल्या बायका, स्तवनिधीला निघालेले यात्रेकरू, सगळे त्याच टांग्यात. रात्री घोडा सोडला, तोबरा बांधला, की आबा कंदील जवळ घेऊन खाली बसायचे आणि उलट्या पंजाने सोन्याचे पाय वरून खाली चाचपायचे. डावा बघून उजवा, उजवा बघून पुन्हा डावा. कधी म्हणायचे, "बिसी ऐती बग जरा." आमचे शेजारी कानडी आणि नालबंदही कानडीच, त्यामुळे घोड्याची सगळी भाषा आबांच्या तोंडी कानडीत बसलेली. पाय बिसी लागला की दुसऱ्या दिवशी टांगा निघायचा नाही. आजीने कितीही कटकट केली तरी नाही.

मी दहा वर्षांची असताना आबांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला. टांगा काका चालवू लागले. काका वाईट नव्हते, पण त्यांना रात्री कंदील घेऊन बसायची सवय नव्हती.

तीन आठवड्यांनी आम्ही स्तवनिधीला निघालो होतो. तवंदी घाटाच्या चढावर सोन्या थांबला. काकांनी आधी चुचकारले, मग चाबूक काढला. मागच्या बाजूला मी बसले होते. मला जत्रेची घाई होती. मी म्हणाले, "काका, सोंग करतोय तो." त्यानंतर चाबूक किती वेळा पडला, ते मी मोजले नाही.

सोन्या पुढे लंगडू लागला. घरात पैसा नव्हता, आबांच्या औषधालाच पुरत नव्हता. महिन्याभरात बाजारात त्याला विकला. नंतर नालबंदाने सांगितले, पुढच्या पायाची नस आधीपासूनच दुखावलेली असणार. मी ते ऐकून आबांच्या खाटेशी गेले. मी काय म्हणाले होते ते त्यांना सांगितले. त्यांची जीभ जड झाली होती, तरी एकेक शब्द लावत म्हणाले, "जनावर सोंग करत न्हाई, पोरी. सोंग माणूस करतंय."

रागावले नव्हते. नुसते सांगितले होते. सिकंदराबादला त्या पहाटे 'दोन आठवडे' हे शब्द ऐकले आणि मी मनातल्या मनात हिशेब केला. आबा अंथरुणाला खिळल्याला तेव्हा तीन आठवडे झाले होते. त्यांचा हात चालत असता, तर सोन्या त्या दिवशी घाटात गेलाच नसता.

कॅमेरा नसला तरी

तुम्ही म्हणाल, आता टांगे कुठे राहिले? पण आपल्या भागातून घोडा गेलेला नाही. आषाढी वारीत माउलींच्या पालखीपुढे चालणारे अश्व आपल्याच चिकोडी तालुक्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांच्या वाड्यातून निघतात आणि आळंदीपर्यंत पायी जातात. मंगसुळीच्या खंडोबाला मराठी माणूस मल्हारी म्हणतो, कानडी माणूस मैलार म्हणतो, घोडा दोघांच्याही देवाचा तोच. वरातीचे घोडे आहेत, गाडीला जुंपले जाणारे आहेत, हौसेने पाळलेले आहेत. चांगला थर्मल कॅमेरा लाखांत जातो, मोबाइलला जोडायचा लहान कॅमेरा काही हजारांत येतो. पण तो प्रत्येकाने घ्यावा असे भाच्याचे म्हणणे नाही. ज्याच्या दारात घोडा आहे, त्याच्यासाठी त्याने चार गोष्टी सांगितल्या.

रोज एकाच वेळी, काम सुरू होण्याआधी, पाय आणि खूर उलट्या पंजाने चाचपावेत. नेहमी दोन्ही बाजू, एकीची दुसरीशी तुलना करीत. हात एरवीचा कसा लागतो हे माहीत असेल, तरच वेगळा लागलेला कळतो.

खुराच्या वर, घोट्याच्या मागच्या बाजूला नाडी लागते. निरोगी पायात ती जेमतेम सापडते. ती धडधड हाताला लागली आणि खूरही गरम लागला, तर पशुवैद्याला लगेच बोलवावे. खुराच्या आतल्या दाहाची ती खूण असू शकते आणि त्यात उशीर महागात पडतो.

घरात घोड्यासाठी वेगळा थर्मामीटर असावा. विश्रांतीत असलेल्या मोठ्या घोड्याचे तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असते आणि नाडीचे ठोके मिनिटाला सुमारे २८ ते ४४.

आणि चौथी गोष्ट. शहाणे जनावर अचानक वेड्यासारखे वागू लागले, तर आधी खोगीर, तंग, जू, नाल, दात, पाठ तपासावी. स्वभावाला दोष देणे सगळ्यांत शेवटी.

निघण्याआधी

मी निपाणीला परतले त्याच्या आदल्या दिवशी पुन्हा तबेल्यात गेले. खोगीर दुरुस्तीला गेले होते. तबेल्याच्या दारात विटांच्या दोन पायऱ्यांचा नवा ओटा बांधला होता, मुलांनी त्यावरून चढावे म्हणून. सिमेंट अजून ओले होते. सईसाने त्यावर गोणपाट टाकून पाणी मारले होते. बिजलीला सहा आठवडे पाठीवर काहीही ठेवायचे नव्हते, नुसते दोरीने फिरवायचे.

सहा आठवड्यांनी भाच्याने मोबाइलवर नवे चित्र पाठवले. डावीकडे हिरवा, उजवीकडे हिरवा, मधून कण्याची सरळ पिवळी रेघ. मी लगेच फोन केला.

"मग आता गुणी झाली का?"

"छे! तंग आवळताना अजून दात दाखवते. दुखणं गेलं, पण भीती आहे ना. ती जायला वेळ लागणार. दुसऱ्या सईसाला जवळ येऊ देत नाही, म्हाताऱ्यालाच देते."

"आणि वरातवाला?"

"त्याला मालकांनी नाही म्हणून कळवलं."

मी बहिणीला फोन द्यायला सांगितला. बाळाची जावळ कधी, हे विचारायचे राहिले होते.